कौलांवर पाऊस, लॅपटॉपात पेडल : गिटारचा आवाज मधमाश्यांसारखा का येतोय?

कौलाखाली
सोमवार, रात्री १०:१२

मंडळी, खानापूर तालुक्यातनं लिहायलोय, जांबोटीच्या बाजूला घर. गिटार वाजवायला लागून सात वर्षं झाली, पण रेकॉर्डिंगचा हा पहिलाच पावसाळा. आमच्या काकांचं भजनी मंडळ आहे. गणपतीच्या आत त्यांचे चार अभंग नीट रेकॉर्ड करून द्यायचं मी कबूल करून बसलोय. पखवाज, टाळ, पेटी आणि गळे उन्हाळ्यातच देवळात घेऊन ठेवले. गिटार तेवढी वर चढवायची राहिली.

घरावर मंगळुरी कौलं आहेत, तिथंच सगळी गोची. अँपसमोर माइक लावून बघितला, तर गिटारच्या मागं कुणीतरी सुपात तांदूळ पाखडत बसल्यासारखं ऐकू येतंय. पाऊस थांबायची वाट बघायची तर आमच्याकडं दसरा उजाडतो. म्हणून माइक सोडला आणि गिटारची पिन सरळ साउंड कार्डात घातली. पेडलं (गिटारचा आवाज बदलणारे, पायानं दाबायचे डबे) सगळी सॉफ्टवेअरमधली. खरी पेडलं घ्यायला बेळगावला एका दुकानात गेलो होतो. यादी बघूनच तो म्हणाला, "सिगंगिल्ल री (मिळत नाही हो), मागवावं लागतंय," आणि वर जो आकडा सांगितला त्यात आमच्याकडं कालवड येती.

सामान : दोन इनपुटचं यूएसबी साउंड कार्ड, सेकंड हँड लॅपटॉप (आय-थ्री, ८ जीबी), रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. पेडलं लावलीत ती या क्रमानं : ओव्हरड्राइव्ह आणि डिस्टॉर्शन (दोन्ही आवाज फोडणारी), कोरस (एकाचे अनेक झाल्यासारखं करणारं), डिले (प्रतिध्वनी), रिव्हर्ब (घुमारा).

तक्रारी तीन. आवाज बारीक आणि करकरीत येतोय, फडताळात मधमाश्या कोंडल्यासारखा. दुसरं, हेडफोनमध्ये दोघं वाजवताहेत असं वाटतंय, आणि दुसरा सारखा मागं राहतोय. तिसरं, हात तारांवरनं उचलला की घूंऽऽ.

पेडलं बदलून बघितली, तीस-एक झाली असतील. नाव वेगळं, चित्र वेगळं, मधमाश्या त्याच.


निपाणीकर
सोमवार, रात्री १०:३१

भावा, एक सेकंड हँड गिटार प्रोसेसर (सगळी पेडलं एकाच डब्यात) घे आणि मोकळा हो. लॅपटॉपात पेडल म्हणजे मोबाइलवर विहीर खणल्यागत आहे.


तिसरं_गेट
सोमवार, रात्री १०:५०

निपाणीकर, तुमच्या प्रोसेसरमध्येसुद्धा सॉफ्टवेअरच असतंय की. फक्त त्याला लोखंडी डबा आहे आणि पायानं दाबता येतंय.

कौलाखाली, पेडलं बदलायची आधी थांबव. पुढच्या प्रश्नांची उत्तरं दे, मग बोलू.

साउंड कार्डावर "इन्स्ट" किंवा गिटारच्या चित्राचं बटण आहे ना, ते दाबलंयस काय? जोरात वाजवल्यावर लाल दिवा लागतोय काय? डिस्टॉर्शननंतर अँप आणि कॅबिनेट (स्पीकरचा डबा) असं काही लावलंयस, की पेडलातनं थेट कानात? कार्डावर "डायरेक्ट मॉनिटर" नावाचं बटण किंवा खुंटी आहे, ती कुठं आहे? रीपरमध्ये बफर (लॅपटॉप एका वेळी आवाजाचा केवढा तुकडा घेतो तो आकडा) किती आहे आणि ड्रायव्हर कुठला? चार्जर लावून वाजवतोयस काय?


सोल्डर_गरम
सोमवार, रात्री ११:०५

"इन्स्ट" बटणाबद्दल थोडं. मी कॉलेजात असताना (अनगोळात खोली होती) गिटार थेट लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घालायचो. आवाज यायचा, पण गोधडीखालनं यायचा. वर्षभर मी पिकअपला (तारांखालचा, त्यांचं कंपन टिपणारा भाग) शिव्या दिल्या, शेवटी गिटार उघडून पिकअप बदलला. तरी गोधडी तशीच.

गिटारचा पिकअप म्हणजे बारीक तारेचे हजारो वेढे. त्यातनं निघणारा सिग्नल अशक्त असतो आणि त्याला समोर मोठा रोध लागतो, साधारण १ मेगाओहम. लाइन इनपुट बहुधा १० किलोओहमच्या घरात असतं. तिथं पिन घातली की वरचे स्वर गळून पडतात. नंतर कितीही ट्रेबल वाढवा, गळालेलं परत येत नाही. बटण दाबलं की कार्ड तो मोठा रोध समोर धरतं, एवढंच.

तुझी तक्रार उलटी आहे, करकर जास्त आहे. म्हणजे बटण दाबलेलं असणार. दुखणं पुढं कुठंतरी आहे.


कौलाखाली
मंगळवार, सकाळी ७:२०

म्हशीचं दूध घालून आलो, आता लिहितो.

बटण दाबलेलं आहे. लाल दिवा लागतोय, मला वाटलं लागायलाच पाहिजे. अँप-कॅबिनेट काही नाही, पेडलातनं थेट कानात. डायरेक्ट मॉनिटरची खुंटी मधोमध आहे, ती कशाची हे माहीत नव्हतं म्हणून हात लावला नाही. बफर १०२४, ४४.१ किलोहर्ट्झ. ड्रायव्हर विंडोजचा जो आपोआप आला तो. चार्जर लावलेलाच असतो, बॅटरी वीस मिनिटं पण टिकत नाही.


तिसरं_गेट
मंगळवार, दुपारी १:४०

सापडलं सगळं. पेडलं निर्दोष सुटली.

मधमाश्यांपासून सुरू करू. गिटारच्या अँपमध्ये जो १२ इंची स्पीकर असतो तो हायफाय नसतो. साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर तो भराभर खाली येतो, म्हणजे वरची करकर तो बाहेर सोडतच नाही. डिस्टॉर्शन पेडल बनवणाऱ्यांनी हे धरूनच पेडल बनवलंय. पेडलातनं निघणारा कच्चा आवाज खऱ्या पेडलाचासुद्धा असाच असतो. तुझ्याजवळ खरं पेडल असतं आणि ते थेट कार्डात घातलं असतंस तरी हेच फडताळ उघडलं असतं. हेडफोन २० किलोहर्ट्झपर्यंत सगळं इमानदारीनं ऐकवतो, म्हणून माश्या.

तेव्हा साखळी अशी कर : ओव्हरड्राइव्ह, मग अँप, मग कॅबिनेट, त्यानंतर डिले, रिव्हर्ब. डिस्टॉर्शन काढून टाक, अँपचा गेन (आवाज किती फोडायचा ती खुंटी) पुरे. कॅबिनेटसाठी "इम्पल्स रिस्पॉन्स" लागतो, आपण आयआर म्हणतो. खऱ्या कॅबिनेटसमोर माइक लावून त्याचा स्वभाव पकडलेली ती एक छोटीशी वेव्ह फाइल असते. ४८ किलोहर्ट्झला २०४८ सँपलची फाइल म्हणजे अवघे ४३ मिलिसेकंद. तेवढ्यात स्पीकर, लाकूड, माइक सगळं येतं. फुकट मिळतात, ढिगानं मिळतात. (ढिगानं उतरवून घेऊ नकोस. दोन घे. शंभर आयआर असलेला माणूस वाजवत नाही, निवडत बसतो. अनुभव आहे.)

रीपरमध्ये वेगळं काही घ्यायला नको. रिआव्हर्ब (ReaVerb) नावाचा त्यांचाच प्लगइन आहे, त्यात फाइल जोडता येते. तिथं "ड्राय" पट्टी पूर्ण खाली आहे ना तेवढं बघ. ती वर राहिली तर कॅबिनेटमधनं गेलेला आवाज आणि न गेलेला आवाज दोन्ही मिसळतात आणि माश्या मागच्या दारानं परत येतात.

आता तो मागं राहणारा दुसरा वादक. तो तूच आहेस. डायरेक्ट मॉनिटर म्हणजे गिटारचा कोरडा आवाज लॅपटॉपात न जाता कार्डातनंच सरळ कानात. तो तत्काळ पोचतो. पेडलं लागलेला आवाज मात्र लॅपटॉपात जाऊन, शिजून परत येतो. बफर १०२४ ला जायला २३ मिलिसेकंद, यायला २३, वर ड्रायव्हरचं काय असेल ते. म्हणजे ५० च्या आसपास उशीर. खुंटी मधोमध असल्यामुळं तू दोन्ही ऐकतोयस. ती पूर्ण "प्लेबॅक"कडं फिरव. दुसरा वादक गेला.

उशीर तरी राहीलच. त्याला कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरचा स्वतःचा आझिओ ड्रायव्हर (उशीर कमी करणारा) टाक. नसेलच तर आझिओ-फॉर-ऑल. मग प्रोजेक्ट ४८ किलोहर्ट्झ, बफर १२८. जायला २.७, यायला २.७. आवाज हवेत एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे एकूण १० मिलिसेकंद जरी झाले तरी अँपपासून साडेतीन मीटरवर उभं राहून वाजवल्यासारखं. देवळाच्या गाभाऱ्यापासून सभामंडपाइतकं. त्याचा त्रास होत नाही.

लाल दिव्याचं : लागता कामा नये. सगळ्यात जोरात खरडल्यावर मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास थांबेल एवढीच खुंटी उघड. इथं फुटलेला आवाज पेडलाचा नसतो, कार्डाचा असतो. तो गोड नसतो आणि काढताही येत नाही.


चोर्ला_पलीकडं
मंगळवार, संध्याकाळी ६:१५

मूळचा शहापूरचा, आता नोकरीनं गोव्यात. इथं हॉटेलांत वाजवतो, पायाखाली चार खरी पेडलं. तिसरं_गेट यांचं बाकी सगळं मान्य, पण "पेडलं निर्दोष" एवढं सहज नको.

सॉफ्टवेअरमधलं डिस्टॉर्शन एका ठिकाणी खरंच खोटं बोलतं. आवाज फोडला की मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, दहापट वरचे स्वर तयार होतात. खऱ्या सर्किटमध्ये ते वर वर जाऊन विरतात. ४८ किलोहर्ट्झच्या प्रोजेक्टमध्ये २४ किलोहर्ट्झवर छत आहे. त्यावरचं सगळं छताला आपटून खाली परत येतं, आणि कुठल्याही भलत्या स्वरावर येऊन बसतं. वरच्या तारेवर बाराव्या पडद्याच्या पुढं मिंड घ्या, गेन जास्त ठेवा. स्वर वर चढत असताना मागं काहीतरी खाली उतरताना ऐकू येईल. रेडिओचं स्टेशन लावताना यायचं तसं. तेच ते.


तिसरं_गेट
मंगळवार, संध्याकाळी ६:४०

बरोबर, म्हणून प्लगइनमध्ये "ओव्हरसँपलिंग" असतं. ४ पट करा, छत तेवढं वर जातं. लॅपटॉपला जड जातं, म्हणून वाजवताना बंद आणि शेवटी मिक्स काढताना चालू. अभंगात बाराव्या पडद्यावर फुल गेन कुठं लागणार आहे म्हणा.


चोर्ला_पलीकडं
मंगळवार, संध्याकाळी ६:५२

लागेल की. काकांना विचारा आधी. :)

एक गंमत सांगतो. पेडल स्टुडिओतनंच बाहेर आलंय. १९६० च्या सुमारास अमेरिकेत नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत मिक्सरचा एक चॅनल बिघडला आणि त्यातनं गेलेला आवाज फाटका यायला लागला. तो फाटका आवाज लोकांना आवडला. तिथल्या इंजिनिअरनं तो बिघाड मुद्दाम करणारं सर्किट बनवलं, आणि १९६२ मध्ये गिब्सननं ते मेस्ट्रो फझ-टोन नावानं डब्यात घालून विकायला काढलं. तेव्हा पेडल परत रेकॉर्डिंगच्या यंत्रात गेलं तर माहेरीच गेलं. माझी चार मात्र सासरीच बरी.


पेटीकाका
मंगळवार, रात्री ८:३०

मला गिटारातलं कळत नाही, पण धागा वाचतोय. फाटका आवाज अमेरिकेनं शोधला म्हणताय, तर मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी काय असते? घोडीचा माथा असा घासतात की तार सुटताना तिला निसटती टेकते, वर सुताचा दोरा सरकवून नेमकी जागा काढतात. त्यानं एका तारेतनं दहा स्वर उठतात. त्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, कारागीर मात्र कित्येक पिढ्या हेच करताहेत. दोऱ्याची जागा केसभर हलली की आवाज एकतर मुका होतो नाहीतर झांजेसारखा चिरकतो. तुमच्या गेनच्या खुंटीचंही तेच असणार.

आता कामाचं. बाळ, मंडळाची पेटी कुठल्या पट्टीत आणि किती जुनी? जुन्या पेटीचे सूर तुमच्या ट्यूनरशी जुळत नाहीत. कोरस वगैरे लावण्याआधी हे बघ. पेटी आणि गिटार सुरात नसतील तर वेगळा कोरस लावायची गरजच पडणार नाही, तो आपोआप होतो.


कौलाखाली
मंगळवार, रात्री ११:५५

काका, पायाच पडतो.

पेटी आजोबांच्या वेळची. पट्टी काळी दोन, म्हणजे गिटारवर डी शार्प. ट्यूनरमध्ये नेहमीचे ४४० हर्ट्झ धरून गिटार लावली होती. आता पेटीचा एकटा सूर ऐकून ट्यूनरचा आकडा वाढवत गेलो, ४४६ ला काटा मधोमध आला! रेकॉर्डिंग ऐकताना सारखं काहीतरी टोचत होतं. मी डिलेला दोष देत होतो.

पट्टी मिळवायला मी काय केलं होतं ते पण सांगून टाकतो. उघड्या तारांवर डी वाजवून पुढं सॉफ्टवेअरचं पिच पेडल लावून अर्धा स्वर वर ढकलला होता. एकेक तार ठीक, कॉर्ड वाजवली की कोंबडी पकडल्यासारखा आवाज. आता ते काढलं, पहिल्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावला, डीचाच आकार धरला. कॅपो खानापूरच्या आठवडी बाजाराच्या दिवशी घेतलेला, सगळ्या पेडलांपेक्षा भारी निघाला.

कॅबिनेट लावलं. मंडळी, काय सांगू. कॅबिनेट चालू-बंद, चालू-बंद करत दहा मिनिटं बसलो. बंद केलं की माश्या, चालू केलं की गिटार. आई आतनं म्हणाली, "ते एकच काय वाजवायलायस रे मघाधरनं?"

डायरेक्ट मॉनिटरची खुंटी फिरवली, दुसरा वादक गेला. ड्रायव्हर टाकला. बफर १२८ ला मधनंच टकटक होतंय, २५६ ला ठीक आहे. तेवढ्यात वीज गेली.

आणि इथनं नवीन भानगड. इन्व्हर्टरवर घूं बंद होईल वाटलं होतं, तर घूं जाऊन झर्रर्र सुरू झालं, दुप्पट मोठं.


सोल्डर_गरम
बुधवार, सकाळी ९:१०

इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असणार. घरातल्या विजेची लाट गोलाईनं चढते-उतरते, ५० हर्ट्झ, त्याचं घूं. स्वस्त इन्व्हर्टर ती लाट पायऱ्या-पायऱ्यांची काढतो. त्या कडांमधनं वरचे कितीतरी स्वर बाहेर पडतात आणि सिंगल कॉइल पिकअप ते सगळे अँटेनासारखे गोळा करतो. पुढं ओव्हरड्राइव्ह लावलंस की त्यालाही तो मोठं करून देतो. त्याला बिचाऱ्याला गिटार कुठली आणि इन्व्हर्टर कुठला हे काय माहीत.

इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग करू नको, एवढंच उत्तर आहे.

साध्या विजेवरच्या घूंसाठी हे करून बघ. चार्जर काढून एक मिनिट वाजव. घूं गेलं किंवा निम्मं झालं तर दोन पिनांचा चार्जर आणि घरचं अर्थिंग हे दोन आरोपी. जुन्या घरांत तीन भोकांचा सॉकेट असतो, तिसऱ्या भोकामागं वायरच नसते. वायरमन बोलावून तपासून घे, स्वतः उघडू नको, त्यातनं पावसाचे दिवस. मग गिटार हातात धरून खुर्चीवर गोल फिर. एका दिशेला घूं सगळ्यात कमी होईल. तिथं तोंड करून बस, मग ते तोंड चुलीकडं होवो नाहीतर गोठ्याकडं. मधल्या खुंटीवर दोन्ही पिकअप एकदम घेता येत असतील तर तेही बघ, बऱ्याच गिटारींत तिथं घूं एकमेकांत कापलं जातं.

नॉइज गेट सगळ्यात शेवटी. गेट फक्त वाजवत नसताना गप्प करतो, वाजवताना घूं खालनं चालूच असतं. आणि भजनात गिटारचा स्वर हळूहळू विरायला पाहिजे, गेट त्याची शेपटी तोडतो.


निपाणीकर
बुधवार, सकाळी ९:३०

माझ्याकडं दोन हजार प्लगइनचा पॅक आहे, सगळा क्रॅक. पेनड्राइव्ह घेऊन ये, फुकट देतो.


व्यवस्थापक
बुधवार, सकाळी १०:०२

निपाणीकर, इथं नको. पुढच्या वेळी प्रतिसाद उडवला जाईल. रीपर ६० दिवस सगळ्या सोयींसकट वापरून बघायला देतात, घरगुती लायसन्स ६० डॉलरला आहे. अँप-पेडलांचं फुकट आणि रीतसर मिळणारं सामान भरपूर आहे.


निपाणीकर
बुधवार, सकाळी १०:१५

बरं बाबा. (मला पण त्यातली पाचच उघडतात.)


सहावी_तार
बुधवार, दुपारी ३:२०

उशिरा आले, पण मुद्द्याचं अजून कुणी बोललंच नाही. अभंगाला एवढी पेडलं हवीतच कशाला?

मी वडगावात मुलांना गिटार शिकवते, आमच्या गल्लीच्या भजनात दोन वर्षं वाजवलंय. पेटी जिथं वाजते, मधला भाग, तिथंच ओव्हरड्राइव्ह पण जाऊन बसतं. ते प्रसिद्ध हिरवं पेडल, ट्यूब स्क्रीमर, त्याचं सर्किटच असं आहे की साधारण ७२० हर्ट्झच्या खालचा भाग कमी फुटतो आणि मधला भाग पुढं येतो. रॉक बँडमध्ये ड्रम आणि बासच्या गर्दीतनं गिटार बाहेर काढायला ते उत्तम. इथं मधल्या भागात आधीच पेटी आणि चार काका आहेत. लावायचंच तर ड्राइव्ह जवळजवळ शून्य, लेव्हल वर. अँपला नुसता धक्का द्यायचा, आवाज फोडायचा नाही.

माझं ऐकशील तर स्वच्छ आवाज, थोडा कंप्रेसर (लहान-मोठा आवाज सारखा करणारा), डिले आणि थोडा रिव्हर्ब. कोरस काढ. पेटीचे दोन सूर आणि टाळ मिळून जो थरथराट होतो त्यापुढं कोरस गुळचट वाटतो, कुंद्यावर साखर भुरभुरल्यासारखा.

आणि कोरडी गिटारच रेकॉर्ड कर. रीपरमध्ये इनपुटच्या एफएक्समध्ये (पेडलं लावायची जागा) पेडल टाकलंस तर ते रेकॉर्डिंगमध्ये कायमचं छापलं जातं, ट्रॅकच्या एफएक्समध्ये टाकलंस तर ऐकू येतं पण छापलं जात नाही. मी एकदा आठ मिनिटांची गौळण अख्खी डिलेसकट छापून बसले. नंतर कळलं डिले लयीत नाही. आठ मिनिटं परत वाजवली, तीही सकाळी लवकर, कारण नंतर खालच्या गिरणीचा पट्टा सुरू होतो.


कौलाखाली
बुधवार, रात्री ९:०५

ताई, डिले लयीत कसा बसवायचा? मी प्लगइनमध्ये लयीला बांधायचं बटण दाबलं, पण दोन मिनिटांनी भजन पुढं आणि डिले मागं.


सहावी_तार
बुधवार, रात्री ९:४०

कारण काका क्लिकवर (यंत्राच्या ठरलेल्या ठोक्यावर) वाजवत नाहीत. ते बटण रीपरच्या टेम्पोला डिले बांधतं, पखवाजाला नाही. भजनी ठेका सुरुवातीला निवांत असतो आणि गजरापर्यंत पळायला लागतो. तो पळायलाच पाहिजे, त्यालाच तर लोक टाळ्या धरतात.

हिशोब सोपा आहे. ६०,००० ला मिनिटाच्या ठोक्यांनी भाग, एका ठोक्याचे मिलिसेकंद मिळतात. मला पाऊण ठोक्याचा डिले आवडतो, प्रतिध्वनी दोन टाळांच्या मधल्या फटीत पडतो. त्याला ४५,००० ला भाग. ९० च्या लयीला ५००, १२० ला ३७५.

आता तुला वाटेल की अभंगभर तो आकडा हळूहळू ५०० वरनं ३७५ वर आणावा. आणून बघ एकदा, हसशील. टेपच्या चालीवर बनवलेल्या डिलेचा वेळ बदलला की त्यात अडकलेला आवाज रबरासारखा ताणला जातो, सूर वाकतो. पेटीबरोबर तो भलताच बेसूर लागतो. मी दोन डिले लावते. पहिल्या कडव्यांना ५०० चा, तो मधल्या ओळीवर हळूच मिटवते आणि ४३० चा उघडते. गजराला डिलेच नाही. तिथं टाळ एवढे असतात की डिले ऐकू येत नाही, नुसता चिखल होतो.


पेटीकाका
बुधवार, रात्री १०:१०

गजराला डिले नाही, हे मला आवडलं. गजरात शांत राहणं पेटीवाल्यालाही जमत नाही.


चोर्ला_पलीकडं
गुरुवार, सकाळी ८:२५

हे वाचून मी पण एक प्रयोग केला. माझ्या अँपच्या आवाजाचं "न्यूरल अँप मॉडेलर"मध्ये मॉडेल केलं. फुकट आहे, मुक्त स्रोताचं आहे. अँपमध्ये ठरलेला एक आवाज पाठवायचा, बाहेर येईल तो रेकॉर्ड करायचा, दोन्ही फाइली संगणकाला द्यायच्या. तो बसून शिकतो की हा अँप आवाजाचं काय करतो.

डोळे मिटून बायकोकडनं अदलाबदल करून ऐकलं. पाचात दोनदा चुकलो. हे लिहायला जिवावर आलंय.

एक मात्र सांगतो, ती खुंट्या गोठवलेली प्रत असते. मी गेन ५ वर ठेवून शिकवलं, तर ते ५ चंच अँप आहे. ७ चं हवं असेल तर परत शिकवायचं. आणि माझं पेडल पायानं दाबल्यावर "खट्" होतं. ते मॉडेलमध्ये नाही.


तिसरं_गेट
गुरुवार, सकाळी ८:४०

पाचात दोनदा! हा प्रतिसाद मी जपून ठेवतोय.

कौलाखाली, न्यूरल मॉडेल आय-थ्रीला जड जाईल. वापरणार असशील तर एकच लाव, आणि वाजवून झालं की ट्रॅक फ्रीझ कर. रीपर त्याची पेडलांसकट फाइल करून ठेवतो आणि लॅपटॉपचा प्रोसेसर मोकळा होतो. कोरडी गिटार खाली तशीच असते, मन बदललं की अनफ्रीझ.


कौलाखाली
शनिवार, दुपारी ४:३०

पहिला अभंग झाला.

वायरमन येऊन गेला. तिसऱ्या भोकामागं खरंच वायर नव्हती. अर्थिंग नव्यानं केलं, घूं निम्म्याच्या खाली आलं. उरलेलं खुर्ची फिरवून गेलं. आता मी भिंतीवरच्या गणपतीच्या कॅलेंडरकडं तोंड करून वाजवतो, बाकी कुठल्याही दिशेला घूं आहे.

साखळी राहिली ती एवढी : कंप्रेसर, स्वच्छ अँप, कॅबिनेट, दोन डिले, रिव्हर्ब. ओव्हरड्राइव्ह शेवटच्या कडव्याला ड्राइव्ह शून्यावर ठेवून लावलं, कळतंय न कळतंय एवढंच. तारा मात्र बदलाव्या लागल्या, पावसानं पंधरा दिवसांत गंजल्या होत्या. बोटं काळी व्हायची आणि आवाज मुका. त्याला मी ट्रेबल वाढवत होतो.

काकांना ऐकवलं. पूर्ण ऐकलं, डोळे मिटून. मग म्हणाले, "गिटार चांगली आहे. पण पाऊस कुठं गेला?"

मला कळेना. तर म्हणाले, देवळातल्या रेकॉर्डिंगमध्ये शेवटी वळवाची सर आली होती, पत्र्यावर वाजत होती, ती काढून का टाकलीस. मी खरंच काढली होती, गजरानंतरची तीस सेकंदं कापली होती. परत जोडली. शेवटचा डिले आता त्या सरीत विरतो.

राहिले तीन. दुसरा अभंग काकांनी पांढरी चार म्हणून सांगितलाय, पण रेकॉर्डिंग ऐकल्यावर मला काळी तीन वाटतंय. पेटीकाका, फाइल पाठवतो, एकदा कान द्याल काय?


पेटीकाका
शनिवार, संध्याकाळी ७:००

पाठव. मधला सूर एकटा ऐकू येईल असा तुकडा काढ, टाळ नकोत. आणि तुझ्या काकांना आधी काही सांगू नकोस.